मोहर्लीच्या गेटवरची जिप्सी

"हामामात्सूला जायला पैसे साठवतोयस ना? त्याआधी मोहर्लीला जाऊन ये," असं रॅलीच्या वर्तुळातल्या एका मित्राने सुनावलं आणि पुण्याच्या एका मोटारवेड्याने चंद्रपूरचं तिकीट काढलं. जपानमधल्या हामामात्सूत सुझुकीने २००९मध्ये स्वतःच्या इतिहासाचं संग्रहालय उघडलं. तिथे मोटारींच्या पंगतीत मागही आहे, कारण सुतारकाम शिकलेल्या मिचिओ सुझुकी यांनी १९०९मध्ये कारखाना काढला तो मागांचा. मोटार आली १९५५मध्ये.

मोहर्लीत, म्हणजे ताडोब्याच्या जंगलाच्या दारात, तिकीटखिडकी आहे, पण ती वाघाची. पहाटे गेटवर मारुती जिप्सींची रांग लागते, बहुतेकांवर चंद्रपूरचा एमएच ३४. वरचं टप काढून टाकलेलं, मागची बाकं पायऱ्यांसारखी चढवलेली. सहा पर्यटक, गाईड, ड्रायव्हर. बाकीचे दुर्बिणी पुसत होते तेव्हा हा गडी उकिडवा बसून मागच्या चाकावरचे स्प्रिंगचे पाटे निरखत होता. वरचा पाटा मूळचा, खालचे दोन कुठल्या तरी दुसऱ्याच गाडीचे, मध्ये टायरच्या रबराचा तुकडा ठोकलेला. ड्रायव्हरला यात काही विशेष वाटलं नाही. "चालते ना जी!"

जिप्सीचं मूळ सुझुकीच्याही घरचं नाही. होप नावाच्या छोट्या कंपनीला आपली चारही चाकं ओढणारी गाडी परवडेना, तेव्हा सुझुकी कंपनीतल्या ओसामु सुझुकी यांनी हट्टाने १९६८मध्ये तिचे हक्क विकत घेतले. त्यातून १९७०मध्ये पहिली जिमनी निघाली, इंजिन जेमतेम ३६० सीसीचं. भारत सरकारशी सुझुकीचा मारुतीसाठीचा करार झाला २ ऑक्टोबर १९८२ला. डिसेंबर १९८५मध्ये ९७० सीसीची जिप्सी आली, १९९६मध्ये १३०० सीसीची. वजन टनभराच्या आसपास, चॅसी शिडीची, आणि पेट्रोलचं इंजिन. डिझेल जीपसारखी ती रान उठवत नाही, म्हणून सफारीला बरी.

शर्यतीतही हीच. १९९९पासून भरू लागलेल्या 'रेड द हिमालय'मध्ये जिप्सी ही हक्काची गाडी होती. मनालीच्या सुरेश राणा यांचं नाव या रॅलीच्या विजेत्यांत पुनःपुन्हा येतं. २०१९मध्ये सुरक्षेच्या नव्या नियमांपुढे जिप्सी बंद झाली आणि त्याच वर्षी मारुतीने मोटरस्पोर्टमधूनही अंग काढून घेतलं. एकाच सालात मांडव आणि नवरदेव दोन्ही गेले.

वाघ दिसला. झोपलेला होता. पुढे.

मुक्कामाच्या रिसॉर्टचं नाव न घेतलेलं बरं. टॉवेलवर वाघाचे पट्टे, ताटात पनीर बटर मसाला, आणि इथल्या झाडीपट्टीतला तांदूळ विचारला तर वेटर बासमतीच्या गोष्टी सांगू लागला.

चंद्रपुरात जटपुरा गेट आणि महाकाली मंदिर धावत्या रिक्षातूनच झालं, कारण इतिहासाचे एक निवृत्त प्राध्यापक वाट पाहत होते. त्यांचा विषय गोंड राजे. ताडोब्याच्या रस्त्याकडेला दगडी स्तंभ उभे आहेत. त्यांतून दोर ओवून घंटा वाजवत आणि राजाची स्वारी निघाल्याची वर्दी पोचवत, असं गाईड सांगतात. मोटारवेड्याने विचारलं, एवढा दोर पावसाळ्यात टिकायचा कसा? प्राध्यापक खूश झाले. "हे प्रश्न विचारा. पाट्यांचे कसले विचारता? पस्तीस-चाळीस वर्षांची गाडी म्हणजे इतिहास नव्हे!"

कायदाही प्राध्यापकांच्या बाजूने आहे. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज म्हणवून घ्यायला वाहन पन्नास वर्षांहून जुनं आणि मूळ स्वरूपात लागतं. पहिली जिप्सी तिथे पोचेल २०३५मध्ये. पण टप काढलेली, बाकं चढवलेली मोहर्लीची जिप्सी मूळ स्वरूपाच्या अटीत बसणार कशी? हामामात्सूत गाडी काचेसारखी पुसून ठेवतात. इथे तिचे पाटे बदलत तिला जगवतात आणि नेमकं त्यामुळेच ती नियमातून बाद होते. मोटारवेड्याने हे तावातावाने मांडलं. प्राध्यापकांनी चहा मागवला आणि विषय गोंड राजा बल्लाळशाहाच्या परकोटाकडे नेला.

दुसऱ्या दिवशीची सफारी त्याने सोडून दिली. पैसे परत मिळत नाहीत हे माहीत असूनही मूल, गडचिरोली करत एसटीने तो आरमोरीला गेला. डोक्यात मिचिओ सुझुकीचा माग बसला होता, आणि आरमोरीत कोशाचं, म्हणजे टसरचं, कापड विणलं जातं. एका घरात खड्ड्यात पाय सोडून विणकर बसले होते. तुटलेला धागा त्यांनी थुंकी लावून मांडीवर वळला, गाठ न मारता जोडला आणि धोटा पुन्हा सुरू केला. मागावरून मोटार निघाल्याची हकीकत ऐकून ते नुसते हसले.

त्यांच्या मुलाला मात्र रस होता. कुठल्या तरी गेटवर गाडी लावायचं त्याच्या मनात होतं. "सेकंडहँड जिप्सी कितीला मिळेल जी?" २०२३मध्ये आलेली नवी जिमनी घे, असं पाहुण्याने सुचवलं.

"तिच्यात चारच सीटा. ड्रायव्हर, गाईड बसले की दोन पर्यटक उरतात. हप्ता कोण भरेल?"

मग दोघे एमएच ३४च्या एका जुन्या गाडीच्या किमतीवर बराच वेळ बोलत बसले.