वांड, पण आजीच्या धाकातला

ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. ‘उस्फ्रेट’चंही विचारू नये, पण मोह आवरत नाही. जन्म १९८८ चा, कागदोपत्री जर्मनीतल्या सीएमपी या रेकॉर्ड कंपनीचा. बाप त्रिलोक गुर्टू, मुंबईचा. आजी शोभा गुर्टू, बेळगावची. पणजी मेनकाबाई शिरोडकर, अल्लादिया खाँसाहेबांकडे शिकलेली. इतक्या खानदानी घरात हा असा वांड अल्बम निपजला! जॅझवाले त्याला जॅझ म्हणतात, फंकवाले फंक, आणि कुठल्या खणात ठेवावा हे न कळलेले दुकानदार वर्ल्ड म्युझिक. तो कुणालाच नाही म्हणत नाही.

बसण्याची रीतही बापाचीच. त्रिलोक ड्रमच्या पसाऱ्यात खाली बसून वाजवतो; तबला आणि झांजा हाताशी, शेजारी पाण्याची बादली. वाजती झांज पाण्यात बुडवली की तिचा सूर वाकत खाली उतरतो. संगतही अठरापगड: स्वीडनच्या योनास हेलबोर्गचा बास, डॉन चेरीचा ट्रम्पेट, एल. शंकरचं व्हायोलिन, राल्फ टाउनरची गिटार.

पण आजी गायला लागली की या सगळ्यांना सरकून जागा द्यावी लागते. पहिल्या तुकड्याचं नावच ‘शोभारॉक’. फ्यूजनच्या बऱ्याच तबकड्यांत भारतीय गळा तोंडी लावण्यापुरता असतो: चार आलाप, मग गिटारवाल्याची मिरवणूक. इथे तसं नाही. साठी ओलांडलेल्या शोभाताई आपला ठुमरीचा लगाव तसूभरही बदलत नाहीत. फंकनंच काय ते जुळवून घ्यायचं. आणि तो घेतो, मुकाट्यानं.

खोट काढायचीच तर कीबोर्डची. त्याचे सूर ऐंशीच्या दशकातच राहिले आहेत, जुन्या लग्नाच्या फोटोतल्या केसांच्या फुग्यासारखे.

आमच्या धायरीत मात्र हा अल्बम छान रुळतो. शेडमधलं लेथ, फाट्यावरचे हॉर्न, धारेश्वराची घंटा. २०१७ मध्ये पुणे महापालिकेत जाऊनही गावपण न सुटलेली ही वस्ती. इथे तो कुणाला गप्प बसायला सांगत नाही. सिंहगड रोडच्या कोंडीत कानाला लावा, क्लच दाबणारा पाय आपोआप ठेका धरतो. त्यावर पोलीस काय म्हणतील ते वेगळं.

‘उस्फ्रेट’च्या धाकट्या भावंडांना, म्हणजे त्रिलोकच्या पुढच्या अल्बमांना, श्रीमंत पाहुणे मिळाले. १९९३ च्या ‘क्रेझी सेंट्स’मध्ये जो झाविनुल आणि पॅट मेथेनी आले. आजी तिथेही होतीच.