आतले वॉचमन

'प्रतिकारशक्ती' हा शब्द हल्ली च्यवनप्राशापासून बिस्किटापर्यंत कशावरही छापलेला सापडतो, आणि त्याच्यापुढे 'वाढवा' हे क्रियापद ठरलेलेच. 'आवरा' असे मी कुठल्याही डब्यावर वाचलेले नाही. आमच्या अक्काच्या डॉक्टरांनी मात्र नेमके तेच सांगितले आणि घरात वैचारिक गोंधळ उडाला.

मी पडलो बी.कॉम. शरीरशास्त्राशी आपला संबंध मेडिक्लेमच्या फॉर्मपुरता! तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेले मी बँकेच्या हिशेबात बसवून घेतले. म्हणजे असे बघा. कातडी हे बाहेरचे कोलॅप्सिबल गेट. ते ओलांडून जंतू आत शिरला, की पांढऱ्या पेशींतले वॉचमन धावतात. हे लोक 'काय काम आहे?' वगैरे विचारत बसत नाहीत, सरळ गिळतात. १८८२ साली इटलीतल्या मेसिना गावी मेचनिकॉफ यांनी तारामाशाच्या अळीला काटा टोचून हा प्रकार सूक्ष्मदर्शकातून पाहिला. पुढे १९०८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

वॉचमनला आवरले नाही, तर प्रकरण आतल्या टेबलांवर जाते. तिथे बी आणि टी नावाच्या पेशी बसलेल्या. प्रत्येकीला एकच नमुना सही ओळखता येते. योग्य टेबल सापडून कामाला जोर येईपर्यंत काही दिवस जातात आणि तोवर गिऱ्हाईक तापाने फणफणलेले! पण सही एकदा जुळली, की त्या पेशीच्या भराभर प्रती निघतात, आणि काही जणी पुढे वर्षानुवर्षे रेकॉर्ड रूममध्ये ठाण मांडतात. म्हणून गोवर सहसा दुसऱ्यांदा येत नाही. लस म्हणजे दरोडेखोराचा फोटो आधीच नोटीस बोर्डावर लावणे. याच युक्तीने देवी हद्दपार झाल्या. १९८० साली तसे जगभर जाहीर झाले.

टी पेशींचे ट्रेनिंग छातीच्या हाडामागे, थायमस ग्रंथीत. तिथला मुख्य प्रश्न एकच : 'घरच्यांवर हात उगारशील का?' शंभरातल्या नव्वदहून अधिक उमेदवार तिथेच बाद होतात आणि बाद म्हणजे कायमचे. तरीही काही नग निसटतात. त्यांना लगाम घालायला नियामक पेशी असतात, म्हणजे आमचे इन्स्पेक्शनवाले. त्यांच्यावरच्या शोधांसाठी ब्रंको, रॅम्सडेल आणि साकागुची या तिघांना २०२५ चे नोबेल मिळाले. इन्स्पेक्शनवाल्यांमुळे कुणाला आनंद झाल्याचे हे मला ठाऊक असलेले एकमेव उदाहरण.

अक्काच्या बाबतीत हा लगाम सुटला. तिचेच वॉचमन तिच्या बोटांच्या सांध्यांत घुसले. डॉक्टरी भाषेत ऱ्हुमटॉइड आर्थ्रायटिस. सकाळी तासभर मूठ मिटत नाही. जन्मभर पुरणपोळ्या लाटलेले हात, आणि आता कुकरचे झाकण लावायला मला हाक! आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी त्या वॉचमनना समज देते. मात्र समज मिळालेला वॉचमन खऱ्या चोरापुढेही थोडा बिचकतो, म्हणून साधा ताप आला तरी डॉक्टरांना कळवायचे.

शेजारच्या काकू प्रतिकारशक्ती वाढवणारा काढा घेऊन आल्या, तेव्हा अक्का म्हणाली, "अहो काकू, माझ्या घरात चोर नाही, पोलीसच शिरलेत. त्यांना आणखी खुराक कशाला?"

काढा मी प्यायलो. कडू होता.

गेल्या रविवारी अक्काने तीन पोळ्या लाटल्या. एकही गोल नव्हती. तिन्ही मी खाल्ल्या आणि चौथी मागितली. ती म्हणाली, "पुढच्या रविवारी."

पुढचा रविवार मी डायरीत लिहून ठेवला आहे.