पंचेचाळीस सेकंदांची शिफ्ट

मी खडकीचा. हॉकीपटू धनराज पिल्ले आमच्याच भागातला, त्यामुळे मातीच्या मैदानावर स्टिक घेऊन धावणं हा लहानपणचा रोजचा उद्योग. टोरंटोला लागून असलेल्या मिसिसागात स्थायिक झाल्यावर चाळिशीत मी स्केट्स बांधायला शिकलो आणि प्रौढांच्या हौशी आइस हॉकी लीगमध्ये नाव घातलं. सगळ्यात खालचं डिव्हिजन, नवशिक्यांचं. इथे अशा लीगला 'बिअर लीग' म्हणतात.

पहिला गोंधळ हातातल्या स्टिकपासूनच. आपल्या हॉकीत स्टिक उजव्या हाताचीच आणि चेंडू तिच्या सपाट बाजूनेच मारायचा. इथे डावी-उजवी दोन्ही मिळतात आणि पात्याच्या दोन्ही बाजू चालतात. मैदानी हॉकीतून ऑफसाइड १९९८ साली कायमचा गेला. इथे मात्र पक, म्हणजे चेंडूऐवजी वापरतात ती चकती, पोहोचण्याआधी माझे दोन्ही स्केट्स निळी रेषा ओलांडून गेले की शिट्टी. मधल्या लाल रेषेच्या अलीकडून पक थेट समोरच्या गोलरेषेपार धाडला तर आयसिंग, आणि खेळ पुन्हा आपल्याच गोलजवळून सुरू. नियम हळूहळू अंगवळणी पडले. माणसं मात्र अजून पुरती उमगलेली नाहीत.

मुळात इथे बर्फ कमी आणि खेळणारे फार. रिंक दोनशे फूट लांब, पंच्याऐंशी फूट रुंद. संध्याकाळच्या चांगल्या वेळा मुलांच्या संघांना मिळतात, आणि ते योग्यच आहे. मोठ्यांच्या वाट्याला येतात रात्रीचे साडेदहा, अकरा. घरी पोहोचेपर्यंत मध्यरात्र उलटते, अंग तापलेलं असतं, झोप लागत नाही, आणि सकाळी ऑफिस असतं. बरं, वेळ जेमतेम तासाभराची. शिट्टी वाजली तरी घड्याळ थांबत नाही. पक कोपऱ्यात अडकला, कुणाचं हेल्मेट निघालं, तरी मिनिटं सरत राहतात. तास संपला की झँबोनी यंत्र बर्फ गुळगुळीत करायला दारात हजर.

म्हणूनच मला सगळ्यात जास्त खुपतात त्या लांबलेल्या शिफ्ट. बर्फावर गोली, म्हणजे गोलरक्षक, सोडून पाच जण, बाकीचे बेंचवर. खेळ चालू असतानाच अदलाबदल करायची; बर्फावरची एक खेप म्हणजे शिफ्ट. एनएचएल या व्यावसायिक लीगमधले कसलेले खेळाडूसुद्धा साधारण पंचेचाळीस सेकंदांत बाहेर येतात, कारण पूर्ण ताकदीने तेवढंच पळता येतं. आमच्याकडे काही जण दोन-तीन मिनिटं हलत नाहीत. दम संपलेला, पाय नुसते घसरतायत, तरी पुढचा पास आपल्याला मिळेल आणि गोल होईल या आशेवर तिथेच. बेंचवर आम्ही कठड्याला धरून तयार उभे. फी सगळ्यांनी सारखी भरलेली असते. त्यातून नेमक्या त्या दमलेल्या माणसाच्या बाजूनेच समोरचे आत घुसतात आणि गोल बसतो. तो बाहेर येतो तो मान हलवत, बचावाला दोष देत.

दुसरं दुखणं डिव्हिजनचं. 'नवशिके' म्हणून नाव नोंदवणाऱ्यांत असेही असतात, जे पाचव्या वर्षापासून कॉलेजपर्यंत खेळले आहेत. वरच्या गटात हरण्यापेक्षा त्यांना खाली येऊन जिंकायचं असतं. असा एकच माणूस सगळा सामना गिळतो. आमच्यामधून तो निघून जातो आणि आम्ही वळेपर्यंत पक जाळ्यात असतो. जो शिकायला आला आहे, त्याच्या स्टिकला रात्रभरात पक लागतच नाही. याचा मला खरोखर राग येतो. करंडक जिंकायचाच असेल तर वर जाऊन जिंकावा.

कधी याच्या उलट होतं. आठवड्याच्या मधल्या रात्री बेंचवर एक-दोनच जण असतात. मग शिफ्ट लहान ठेवू म्हटलं तरी बदलायला माणूस नाही. आणि गोलीची तर कायमची वानवा! पॅड, ग्लोव्ह, मास्क, सगळंच महाग, शिवाय ती जागा कठीण. म्हणून कित्येक संघ गोलीकडून फी घेत नाहीत. आमचा गोली आजारी पडला की दुपारपासून ग्रुपवर विचारणा सुरू होते, आणि शेवटी कुणाला तरी रोख पैसे देऊन बोलवावं लागतं.

या सगळ्याचा राग निघतो रेफरीवर. तो बहुधा कॉलेजातला मुलगा असतो. अंगावर धडक मारायला आमच्या लीगमध्ये बंदी आहे, म्हणून त्याने दोन मिनिटांची पेनल्टी दिली, की त्याच्या बापाच्या वयाचे गृहस्थ त्याच्यावर ओरडतात. अशा मुलांनी हे काम सोडलं तर शिट्टी कोण घेणार?

आमच्या संघात साठीचे एक काका आहेत, मूळचे ब्रॅम्प्टनचे. त्यांचा वेग कमी झाला आहे, पण शिफ्ट कधीच लांबत नाही. पक आपल्या गोलपासून दूर गेला की ते बेंचकडे निघतात. निघतानाही रेंगाळत नाहीत, उरलेली सगळी ताकद लावून येतात. "बाहेर येतानाच सर्वांत जोरात पळायचं," त्यांनी मला पहिल्याच महिन्यात सांगितलं, "कारण तुझ्या जागी येणारा तेवढी सेकंदं वाट पाहत असतो."

पुढच्या मोसमासाठी मी त्याच संघात नाव दिलं आहे. कप्तानाला एवढंच कळवलंय की ओळी, म्हणजे एकत्र बर्फावर उतरणारे गट, ठरवताना मला काकांच्या ओळीत ठेव, आणि दर सामन्याला कुणी तरी एक जण बेंचवरून शिफ्टची वेळ मोजून ओरडून सांगेल, अशी पाळी लाव. पहिली पाळी मी घेतो.