भरीत, भुंगे आणि बांध

खानदेशात गेलात की शेवभाजी खाच, असं सांगणाऱ्यांचा मला आता कंटाळा आलाय. महामार्गावरच्या ढाब्यांनी तिच्यावर तेलाचा असा तवंग चढवलाय की शेव चाचपडत शोधावी लागते. धुळ्याहून आग्रा रोडने सोनगीरला निघालो तो खाण्यासाठी नाही, तांब्या-पितळेची भांडी आणि किल्ला पाहायला. तांबटांची ठोकाठोक कानात साठवली, एक तांब्या विकत घेतला, किल्ल्यावरची खोल विहीर वाकून पाहिली. सगळं यथासांग झालं. पण लिहावं असं जे घडलं ते किल्ला उतरल्यावर, एका शेतात.

मार्चचे दिवस. कांद्याचे डोंगळे कमरेएवढे वाढून पांढऱ्या गोंड्यांनी डवरलेले. त्यांतून एक मावशी हातात मऊ सुती फडकं घेऊन चालल्या होत्या आणि प्रत्येक गोंड्यावरून ते अलगद फिरवत होत्या. मला वाटलं, कीड झटकत असतील. विचारलं तर म्हणाल्या, "माशी ऊनी नही, ते बी कथाईन ई, भाऊ?"

कांद्याच्या फुलाची गंमत अशी की त्याचे पराग आधी झडतात आणि त्याच फुलाचं स्त्रीकेसर नंतर तयार होतं. म्हणजे पराग दुसऱ्या फुलावरून यायला हवेत, आणि ते आणायचे मधमाशीने. माशी नसेल तर गोंडा दिसायला भरगच्च, पण आत बी नाही. बीजोत्पादन करणारे काही शेतकरी मधपेट्या भाड्याने आणून ठेवतात. ज्यांना ते जमत नाही ते फडकं घेतात. मधमाशी जे काम फुकट करत होती, त्यासाठी आता माणसाची सकाळ खर्ची पडते.

मी प्रश्नांवर प्रश्न विचारत राहिलो, तेव्हा मावशींनी फडकं खांद्यावर टाकलं. "पहिले जेवाले बठा, मंग इचारा."

निंबाखाली बसलो. कळण्याची भाकर, कांद्याची पात आणि भरीत. पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेलं हिरवट पांढरं वांगं, लाकडी बडगीत ठेचलेलं, वर हिरव्या मिरचीचा ठसका. असं भरीत खाल्ल्यावर शहरातल्या गॅसवर भाजलेल्या जांभळ्या वांग्याला भरीत म्हणणं मी सोडून दिलंय. दुसरी भाकर मागून घेतली.

वांगी घरचीच, बांधालगतच्या दोन ओळींतली. तिथे मात्र गुणगुण होती. अंगठ्याच्या पेराएवढा काळा भुंगा जांभळ्या फुलाला लोंबकळला की त्याचा सूर एकदम बदलायचा, जाड आणि घोगरा व्हायचा. वांग्याच्या फुलात पराग पिवळ्या नळ्यांत कोंडलेले असतात आणि नळीच्या टोकाला बारीकसं छिद्र असतं. भुंगा फुलाला घट्ट धरतो, पंख जवळजवळ न हलवता छातीचे स्नायू थरथरवतो, आणि मिठाची बाटली हलवावी तसे पराग खाली पडतात. मधमाशीला हे तंत्र येत नाही. मी नुकत्याच पोटात घातलेल्या भरताचा एक मानकरी हा काळा गडी होता.

तो राहतो कुठे, तेही मावशींनी दाखवलं. बांधावर वाळलेल्या बाभळीचं एक खोड आडवं पडलं होतं आणि त्याला पेन्सिल जाईल एवढी गोल, गुळगुळीत भोकं होती. खाली लाकडाचा ताजा भुसा. घरच्यांनी ते खोड जळणाला न्यायचा विषय अनेकदा काढला होता. मावशींचं उत्तर ठरलेलं: "त्यास्नं घर शे ते." बांधावरचं गवतही त्या पेटवू देत नाहीत. शेजारचा बांध मात्र जाळून, नांगरून पार वावरात घेतलेला. भुंगे कुठल्या बाजूला होते, हे सांगायला नकोच.

पुढचा दिवस साक्रीच्या रस्त्यावर आणि पिंपळनेरच्या चहात गेला. तिथून बारीपाड्याला गेलो, कारण मावशींनी एका बांधावर जे केलं तेच या आदिवासी पाड्याने अख्ख्या जंगलाच्या बाबतीत केलंय. एकेकाळी इथले डोंगर बोडके झाले होते. 1990 नंतरच्या वर्षांत चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने गावाने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी केली, नियम मोडणाऱ्याला दंड लावला आणि स्वतःच राखण केली. आज सुमारे 1100 एकर जंगल उभं आहे. पवारांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली. इथे बायकांची रानभाज्या रांधण्याची स्पर्धाही भरते. आपल्याला ज्यांची नावंही ठाऊक नाहीत अशा भाज्या तिथे ताटात येतात. मी गेलो तो हंगाम रानभाज्यांचा नव्हता, याची चुटपुट अजून आहे. मोहाच्या झाडाखाली मात्र सडा पडायला लागला होता.

संवर्धनाच्या नावाने वर्षातून एकदा रोप लावून फोटो काढणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. लावण्यापेक्षा राखणं अवघड, आणि त्याचा फोटो निघत नाही. तुमचं शेत असेल तर एवढं करा: बांध पेटवू नका, वाळकं खोड पडून राहू द्या आणि पीक फुलोऱ्यात असताना फवारणी टाळा, अगदीच गरज पडली तर ती माश्या परतल्यावर, संध्याकाळी करा. शेत नसेल तर निदान सोसायटीच्या झाडावरचं मोहोळ जाळायला निघालेल्यांना अडवा. भरीत आपल्यालाही खायचंच आहे.