घाटमाथ्यावरची हवा

इंदूरच्या नळांना येणारे नर्मदेचे पाणी मोठा प्रवास करून येते. मंडलेश्वरजवळच्या जलूद येथे ते उपसले जाते, पंपांच्या बळावर विंध्याचा चढ चढून वांचू पॉइंट गाठते आणि तेथून उताराने शहरात येते. १९७८ सालापासून सुमारे ७० किलोमीटरांची ही वाट चालू आहे.

एवढा डोंगर ओलांडून आलेले पाणी गेल्या वैशाखात आमच्या गच्चीवरून स्वयंपाकघरापर्यंत मात्र पोचेना. सकाळी धार बरी असे. दुपारी तोटी दोनचार उचक्या देई आणि मुकी होई. टाकीत तर निम्म्याहून अधिक पाणी! वरचे बिऱ्हाड व्हॉल्व्ह फिरवते, असा संशय घरात बळावला आणि जिन्यात भेट झाली तरी बोलणे खुंटले.

त्याच सुमारास नर्मदास्नानासाठी मंडलेश्वरला जाणे झाले. घाटात जलवाहिनीच्या एका उंचवट्यावर लोखंडी झडप फुसफुसत होती. बरोबर आमचे मामा होते, निवृत्त अभियंते. ते म्हणाले, "नळ जिथे उंच चढतो तिथे हवा साठते. तिला वाट दिली नाही, तर ती पाण्याची वाट अडवते."

घरी येताच मामांनी तपास आरंभिला. सारे नळ अडले तर दोष टाकीचा किंवा मुख्य व्हॉल्व्हचा. एकच अडला तर त्याच्या जाळीचा किंवा शाखेचा. न्हाणीघराचा नळ अखंड वाहत होता. स्वयंपाकघरातल्या तोटीची जाळीही स्वच्छ निघाली. मग गच्चीवर गेलो. स्वयंपाकघराचा पाइप जिन्याच्या दाराच्या चौकटीवरून कमानीसारखा नेलेला होता. उन्हाने पाइप तापला की पाण्यात विरलेली हवा सुटून त्या कमानीत साठे. टाकी काठोकाठ असताना पाण्याचा दाब तिला पुढे ढकली. दुपारी पातळी उतरली की ती तेथेच ठाण मांडी.

नळकारागिराने कमानीच्या माथ्यावर एक बारीक नळी उभी जोडली, तिचे तोंड टाकीच्या काठाहून उंच नेऊन खाली वळविले आणि त्याला जाळी बांधली. तापणाऱ्या पाइपावर गोणपाट गुंडाळले. दुसऱ्या दिवशी भर दुपारी धार अखंड होती.

नळातली हवा अर्ध्या तासात निघाली. जिन्यातला अबोला संपविण्यासाठी मात्र पन्ह्याचा तांब्या घेऊन आम्हालाच वर जावे लागले. त्यांनी एका शब्दानेही उणे काढले नाही, उलट पेले पुढे केले आणि "बसा ना!" म्हणाले.