फळ्यावरची नावं

मुलांनो, मी डोंबिवलीच्या एका शाळेत चौथीला शिकवते. मागे एकदा पाच मिनिटं ऑफिसात जायचं होतं. मॉनिटरला म्हटलं, "जो त्रास देईल त्याचं नाव फळ्यावर लिही." परत येऊन बघते तर अकरा नावं! कुणी खोकलं होतं, कुणी खोडरबर मागितलं होतं. मी काही न विचारता सगळ्यांना उभं केलं. एक मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "बाई, त्रास म्हणजे नक्की काय?"

मला उत्तर देता येईना. आठवलं ते पालघर. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. त्याआधी ते आपल्या ठाणे जिल्ह्यातच होतं. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांचं निधन झालं, तेव्हा सगळीकडे बंद होता. त्या बंदबद्दल एका मुलीने फेसबुकवर आपलं मत लिहिलं. तिच्या मैत्रिणीने ते 'लाईक' केलं. पोलिसांनी दोघींनाही अटक केली!

त्यांना लावलेल्या कलमांपैकी एक होतं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ. त्यात 'त्रास', 'गैरसोय' असे शब्द होते, पण त्रास म्हणजे काय ते कुठेच सांगितलं नव्हतं. शिक्षा मात्र तीन वर्षांपर्यंत कैदेची. अगदी माझ्या मॉनिटरसारखंच झालं की नाही?

या कलमाविरुद्ध श्रेया सिंघल ही तरुण मुलगी सर्वोच्च न्यायालयात गेली. २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने ते कलम रद्द केलं. पालघरच्या मुलींवरचा खटला तर त्याआधीच मागे पडला होता.

मग इंटरनेटवर सरकारचं लक्ष नकोच का? तसं नाही हं. त्याच निकालात न्यायालयाने ६९अ कलम कायम ठेवलं. देशाच्या सुरक्षिततेसारख्या ठरावीक कारणांसाठी सरकार एखादी वेबसाईट बंद करू शकतं. पण कारण लेखी नोंदवावं लागतं. म्हणजे मॉनिटर हवा, पण त्यालाही नियम हवा.

दुसऱ्या दिवशी मी वर्गाची माफी मागितली. आता आमच्या फळ्यावर दोन रकाने असतात, 'नाव' आणि 'कारण'. नावं एकदम कमी झाली. परवा मात्र एकच होतं : 'बाई. वर्गात मोबाईल वाजला.'

कारण खरं होतं. मी मुकाट्याने उभी राहिले!