तासाचा आराखडा आणि आपली लेकरे

आपली मुलगी कॉलेजात जाऊ लागली की घरात चौकशी होते. फी किती, एस.टी.चा पास कितीचा, परत यायला किती वाजणार. तिला शिकवणारे सर-मॅडम स्वतः कुठे जाऊन काय शिकून येतात, हे मात्र कोणी विचारत नाही. आम्ही नांदेडला शिकवले, लातूरला शिकवले. त्यातली बरीच वर्षे तासिका तत्त्वावर गेली, म्हणजे जितके तास घ्याल तितकेच पैसे. या काळात प्राध्यापकांच्या अनेक प्रशिक्षण कार्यशाळांना आम्ही बसलो. तिथे काय चालते हे आईबापांनाही ठाऊक असावे, म्हणून हे लिहीत आहोत.

आमचे विद्यापीठ १९९४ सालचे. त्या वर्षी १४ जानेवारीला तेव्हाच्या औरंगाबादच्या विद्यापीठाचा नामविस्तार झाला. त्या नावासाठी किती घरे जळाली आणि किती जीव गेले, हे वाचकांना नव्याने सांगायला नको. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. विष्णुपुरीला मुख्य परिसर, लातूरला उपपरिसर. नांदेड, लातूर, परभणी आणि १९९९ साली परभणीतून निघालेला हिंगोली, या चार जिल्ह्यांतली लेकरे या विद्यापीठाच्या कॉलेजांत शिकतात. किनवट, मुखेड, देगलूर, निलंगा, अहमदपूर इथल्या मजुरांची, सालगड्यांची, बांधकामावर जाणाऱ्यांची पहिली शिकलेली पिढी यांतच आहे.

पूर्वी कार्यशाळा म्हणजे व्याख्यान, जेवण आणि प्रमाणपत्र. पुढे प्रोजेक्टर आला. फळ्यावरचे भिंतीवर दिसू लागले एवढाच काय तो फरक. मार्च २०२० मध्ये कॉलेजे बंद झाली आणि रातोरात गूगल क्लासरूम, मीट, मूडल ही नावे सगळ्यांच्या तोंडी आली. त्या दिवसांत ई-प्रमाणपत्रांचा पाऊस पडला. चार प्रश्नांवर टिचकी मारली की प्रमाणपत्र मेलवर हजर. आमच्याकडेही त्यांची एक जाड फाईल झाली. त्यातली बहुतेक प्रमाणपत्रे रद्दीच्या लायकीची, हे आमचे मत.

पण सगळेच फोल नव्हते. गवंडी भिंत उचलण्याआधी दोरी लावतो, ओळंबा सोडतो. तसा तास घेण्याआधी त्याचा आराखडा करावा, ही गोष्ट आम्हाला खऱ्या अर्थाने या नव्या साधनांमुळे कळली. लंडनच्या विद्यापीठातल्या डायना लॉरिलार्ड या बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लर्निंग डिझायनर' नावाचे एक साधन तयार केले आहे. इंटरनेटवर फुकट मिळते. विद्यार्थी सहा तऱ्हांनी शिकतो असे त्या मानतात : ऐकून-वाचून, शोधून, चर्चा करून, सराव करून, मिळून काम करून आणि स्वतः काही घडवून. आपल्या तासातली मिनिटे आपण या सहा खणांत भरायची. मग पडद्यावर एक गोल चकती उमटते, भाकरीचे वाटे करावेत तशी, प्रत्येक खणाचा रंग वेगळा.

लातूरच्या एका कार्यशाळेत आम्ही आमचा अठ्ठेचाळीस मिनिटांचा तास प्रामाणिकपणे भरला. हजेरीची पाच मिनिटे वगळली. चाळीस मिनिटे मुले ऐकतात, तीन मिनिटे 'काही शंका?' असे विचारायची. चकती जवळजवळ एकाच रंगाची निघाली. शेजारच्यांची तशीच, त्यांच्या शेजारच्यांचीही तशीच. वीस-पंचवीस वर्षे नोकरी झालेले लोक तिथे होते. कोणी बोलेना. आरशाने तोंड दाखवावे तसे त्या साधनाने दाखवले होते, आणि एवढ्यापुरते ते आम्हाला फार मोलाचे वाटले.

घोटाळा त्यापुढे आहे. चकती रंगीत करणे सोपे असते. 'घरी ऑनलाइन चर्चा, वीस मिनिटे' असे भरले की लगेच नवा रंग उमटतो. 'घरी व्हिडिओ पाहून सराव, तीस मिनिटे' असे लिहिले की आणखी एक. सगळ्यांनी तसेच केले आणि टाळ्याही पडल्या. पण ती वीस मिनिटे मुलीकडे आहेत का, हे साधन विचारत नाही. घरात मोबाइल एक, तो बापासोबत कामावर जातो आणि रात्री आठला परत येतो. मग धाकटा भाऊ हट्ट करतो. रिचार्ज संपलेला असतो. मुलीला तोवर भाकऱ्या थापायच्या असतात. सरकारच्याच २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशाच्या ग्रामीण भागात शंभरातल्या ४.४ घरांत संगणक आढळला होता, आणि इंटरनेटची सोय १४.९ घरांत. त्यानंतर मोबाइल वाढले हे खरे, पण मोबाइल घरात असणे आणि तो मुलीच्या हातात असणे यांत मोठे अंतर आहे.

बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले. तिथे नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी सकाळी वर्ग भरत. शिकणारा कोण, तो कुठे राबतो, त्याला मोकळा वेळ केव्हा मिळतो, हे आधी पाहायचे आणि घड्याळ त्याच्याप्रमाणे लावायचे. आमच्या मते तासाच्या आराखड्यातला पहिला खण हाच हवा. कार्यशाळेत आम्ही तसे सुचवले. मार्गदर्शक मॅडम भल्या होत्या. त्यांनी फळ्यावर लिहिलेही, पण साधनात तो खण नव्हता, तेव्हा विषय तिथेच थांबला.

गंमत अशी की आम्हाला सर्वांत उपयोगी पडलेले साधन कागदी होते. लॉरिलार्डबाईंच्या याच सहा तऱ्हा घेऊन लंडनच्याच विद्यापीठात 'एबीसी' नावाची एक पद्धत बसवली गेली. सहा रंगांचे सहा पत्ते, आणि नव्वद मिनिटांत तीन-चार शिक्षकांनी एका टेबलाभोवती बसून अख्ख्या विषयाचा आराखडा मांडायचा. पुढे एका कार्यशाळेत भर दुपारी लाइट गेली. संगणक बंद, प्रोजेक्टर बंद. मग कोणीतरी जुन्या कॅलेंडरची पाने कापली, त्यावर पेनाने लिहिले आणि आम्ही घामाघूम होऊन पत्ते मांडत बसलो. त्या दुपारी जितके वाद झाले तितके पडद्यासमोर कधी झाले नव्हते. पडद्यावर एकजण माउस धरतो आणि बाकीचे मान हलवतात. पत्ता मात्र कोणीही उचलून दुसरीकडे ठेवू शकतो, तासिका तत्त्वावरची नवखी मॅडमसुद्धा विभागप्रमुखांचा पत्ता हलवू शकते!

त्या मांडणीतून आम्ही अर्थशास्त्राचा महागाईवरचा धडा बदलला. पूर्वी व्याख्या लिहून द्यायचो. आता मुलांनी घरून किराण्याचा हिशेब आणायचा : तेल, तूरडाळ, साखर, चहा, आणि आईला आठवतो तो गेल्या दिवाळीचा भाव. आधी एकट्याने आकडेमोड, मग शेजाऱ्याबरोबर ताडून पाहायचे, मग सर्वांपुढे बोलायचे. ही तीन पायऱ्यांची रीत पवईच्या आयआयटीच्या प्राध्यापकांनी त्यांच्या प्रशिक्षणांतून देशभर पोचवली आहे. तिला मोबाइल लागत नाही. ज्या मुलीने दोन वर्षांत वर्गात तोंड उघडले नव्हते, तिने डाळीचा भाव दोन दुकानांत वेगळा का, हे उभे राहून सांगितले. तिची आई त्या दुकानांतून उधारीवर माल आणत होती. उधारीचा भाव वेगळा असतो, हे पुस्तकात नव्हते.

एक गोष्ट कोणत्याच साधनात नाही, ती इथे लिहायलाच हवी. 'गट करा' असे साधन सांगते. मुलांना आपापले गट करायला सांगितले की ती गावाप्रमाणे बसतात, आणि गाव म्हणजे काय हे आपल्याला माहीत आहे. वस्तीची मुले एका कोपऱ्यात, गावातली दुसऱ्या. चकतीत त्याला 'सहकार्य' असा सुंदर रंग मिळतो. आम्ही एक-दोन-तीन-चार असे मोजून गट पाडू लागलो. सुरुवातीला कुरकुर झाली, एक-दोघे उठून गेले. पण नंतर वही-पेन एकमेकांकडे जाऊ लागले.

कार्यशाळा संपली की एक फॉर्म येतो. व्यवस्था कशी होती, वक्ते कसे वाटले, वेळ पुरला का? आम्ही सगळे 'उत्तम' लिहितो आणि निघतो, कारण गाडीची वेळ झालेली असते. अमेरिकेतल्या डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ सालीच सांगून ठेवले की प्रशिक्षण चार पातळ्यांवर तपासावे : आवडले का, शिकले का, कामात उतरले का, आणि शेवटी फळ आले का? आमचे फॉर्म पहिल्या पातळीवरच संपतात. तीन महिन्यांनी वर्गात येऊन 'त्या साधनाचे काय केलेत?' असे विचारायला आमच्याकडे कधी कोणी आले नाही. साधन चांगले की वाईट हे मागच्या बाकावरच्या पोराला विचारल्याशिवाय कसे ठरणार?

शिवाय हे शिक्षण कोणाच्या पदरात पडते, तेही पाहावे. कायम प्राध्यापकाला अशा प्रशिक्षणाचा बढतीसाठी उपयोग होतो. २०२३ पासून मालवीय मिशनच्या नावाने हे वर्ग देशभर चालतात. तासिकेवरच्याला बढतीच नाही. एका कॉलेजात कार्यशाळेला गेलेल्या तीन दिवसांचे आमचे तास कापले गेले होते. आज आपल्या समाजातली कितीतरी नेट-सेट झालेली मुले अशाच तासांवर दिवस काढत आहेत, आणि खेड्यातल्या लेकरांसमोर बहुधा तीच उभी असतात.

परवा नांदेडला आमच्या गल्लीतल्या एका मावशींनी विचारले, "सर, पोरगी म्हणती मोबाइलवर कालेजचं हाय. खरं असतंय का?" आम्ही म्हटले, "मावशी, तिला म्हणा, काय केलंस ते मला दाखव." दोन दिवसांनी त्या पुन्हा भेटल्या. म्हणाल्या, "दाखवलं तिनं. मला वाचता येत नाही तर तिनं वाचून दाखवलं. अर्धं तिलाच कळत नव्हतं, इंग्रजीत होतं. मग म्या म्हटलं, जाऊन सरालाच विचार की." दुसऱ्या दिवशी ती मुलगी खरोखरच स्टाफरूमच्या दारात उभी होती, हातात आईचा मोबाइल घेऊन.